कुत्र्याच्या तळव्यांनाही चटका बसतो

“कुत्र्याचे तळवे राठ, त्याला कसला चटका?” सांगलीत उन्हाळा आला की हे हमखास ऐकू येतं. ते चूक आहे. कातडी जाड असली तरी ती भाजते, फोड येतात. मे महिन्यात भर उन्हातलं डांबर हवेपेक्षा 20 अंशांनीही जास्त तापतं आणि ऊन कलल्यावरही धग सोडत राहतं, म्हणून पाचची फेरीही नकोच. पालथा हात रस्त्यावर 7 सेकंद टेकवून बघा. धरवला नाही तर मागं फिरा.

आमची काळी एकदा पाय उचलून थबकली. नखरे समजून मी तिला ओढलं. घरी बघतो तर तळव्याचं साल सुटलेलं! आता पहाटेच निघतो, कृष्णाकाठच्या मातीवरून. पावसाळ्यात मात्र परतल्यावर बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या कराव्या लागतात.