सोलापुरात मुलांचा पलंग किती उंच असावा?

मार्च संपत आला होता. शेजारच्या वहिनींनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. एकावर एक दोन पलंग, मध्ये शिडी, खाली दोन खण. "ताई, हा घेऊ का ओ? खोली दहा बाय दहाची, पोरं दोन. जागा वाचते की." मोठी मुलगी ९ वर्षांची, धाकटा ५ वर्षांचा. घर जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची.

मी उत्तर दिलं नाही. रात्री दहाच्या सुमारास मुलांच्या खोलीत शिडीवर चढून वहिनींना छताला हात लावायला सांगितलं. सूर्य मावळून साडेतीन तास झाले होते आणि स्लॅब अजून ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा लागत होता.

पलंग आपण जागा, किंमत आणि रंग बघून निवडतो. सोलापुरात तो आधी छत बघून निवडावा, असं माझं ठाम मत आहे.

काँक्रीट उष्णता हळूहळू आत घेतं आणि तितक्याच सावकाश सोडतं. दुपारी गच्चीच्या वरच्या बाजूला बसलेली उन्हाची धग स्लॅबमधून खाली उतरायला काही तास लागतात. म्हणून वरच्या मजल्यावरची खोली भर दुपारपेक्षा संध्याकाळी आणि रात्री जास्त नकोशी वाटते. बाहेर हवा जरा थंडावलेली असते, पण छत शेगडीसारखं खाली उष्णता फेकत राहतं. ही उष्णता प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, थेट अंगावर येते. पंखा लावला की खोलीतली हवा ढवळली जाते आणि वरच्या-खालच्या हवेतला फरक बराच कमी होतो. पण छताकडून येणारी किरणं पंख्याने अडत नाहीत. जमिनीपासून दीड फुटावर झोपलेल्या मुलाच्या अंगासमोर छताबरोबर भिंतीही असतात. तेच मूल साडेपाच फुटांवर नेऊन ठेवलं, की त्याच्या समोर जवळजवळ सगळं तापलेलं छतच येतं.

याचा झोपेशी फार जवळचा संबंध आहे. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. त्यासाठी हातापायांच्या त्वचेकडे रक्त जास्त वाहतं आणि उष्णता बाहेर टाकली जाते. बाहेरच गरम असेल तर ती टाकायची कुठे? मग मूल कूस बदलत राहतं, चादर लाथाडतं, मध्यरात्री उठून फरशीवर जाऊन झोपतं. मे महिन्यात हे आपल्या घराघरांत दिसतं आणि आपण त्याला मुलाचा चाळा समजतो. खरं तर ते पोर गार पृष्ठभाग शोधत असतं. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून दिवसाला १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी, असं निद्रातज्ज्ञ सांगतात. वाढीचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात गाढ झोपेतच स्रवतं. त्यामुळे पलंग निवडताना रोजची ही नऊ-दहा तासांची झोप मोडू न देणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आता पंख्याचा हिशेब करू. परदेशी फोटोंमधल्या खोल्यांत बहुधा छताला पंखा नसतो, त्यामुळे हा हिशेब तिथे कुणी मांडलेला नसतो. आपल्याकडे स्लॅब साधारण १० फुटांवर, पंख्याची पाती साडेआठ फुटांच्या आसपास. वरच्या पलंगाची गादी साडेपाच फुटांवर धरा. १० वर्षांचं मूल बसलं की ढुंगणापासून डोक्यापर्यंतची उंची सव्वादोन-अडीच फूट भरते, म्हणजे डोकं आठ फुटांच्या जवळ आलं. त्याने आळस देताना हात वर केला तर तो पात्यांच्या पातळीच्याही वर जातो. पलंग कोपऱ्यात असला तरी मूल कोपऱ्यात राहत नाही, ते काठावर येतं, वाकतं, उशी फेकतं. शिवाय पंखा वारा खाली ढकलतो. वरच्या पलंगावरचं मूल त्या झोताच्या बाहेर पडतं, आणि खालच्या मुलाचा वारा वरचा पलंगच अडवतो. दोघांनाही वारा नाही, आणि वीज गेली की वरच्याचे हाल आणखी.

पडण्याचं गणित शाळेतलंच आहे. पडणाऱ्या वस्तूची ऊर्जा उंचीच्या प्रमाणात वाढते. ४५ सेंटीमीटरवरून घरंगळलेलं मूल ताशी सुमारे ११ किलोमीटर वेगाने फरशीला लागतं, दीड मीटरवरून पडलेलं ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने. वेग दुपटीच्या जवळ दिसतो, पण फरशीवर आदळणारी ऊर्जा तिपटीहून जास्त असते. आपल्या घरांत खाली शहाबादी, कोटा किंवा टाइल्स, गालिचा नाहीच. अमेरिकेत अशा दुमजली पलंगांवर ६ वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका, असा इशारा लावणं बंधनकारक आहे. वरचा कठडा गादीच्या पृष्ठभागापासून किमान ५ इंच वर हवा आणि खालच्या फटी साडेतीन इंचांपेक्षा मोठ्या नकोत, म्हणजे मुलाचं धड निसटून डोकं अडकत नाही, असंही तिथले नियम सांगतात. इथे एक चूक सर्रास होते. कठडा मापात असतो, मग आपण हौसेने जाड गादी टाकतो आणि त्याची उंची गादीच गिळून टाकते.

लहान मुलं झोपेत चालतात, दचकून ओरडत उठतात. हे बहुधा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात, झोप सर्वांत गाढ असताना होतं, आणि त्या वेळी मुलाला आपण कुठे आहोत याचं भान नसतं. पाच वर्षांच्या शंभरातल्या साधारण पंधरा मुलांचं अंथरूण रात्री ओलं होतं. अशा मुलाने अंधारात शिडी उतरायची, हे मला बघवत नाही.

मग जागा कशी वाचवायची? वहिनींना मी सुचवला तो एका पलंगाखालून चाकांवर बाहेर सरकणारा दुसरा पलंग. दिवसा तो आत जातो, फरशी खेळायला मोकळी राहते. वरच्या पलंगाची गादीपर्यंत उंची १८ ते २० इंच पुरते.  सरकणारा पलंग मात्र इतका खाली येतो की त्याची गादी पातळ ठेवावी लागते आणि खालची धूळ रोज पुसावी लागते. तेवढं करण्याची तयारी नसेल तर सरळ दोन साधे एकेरी पलंग भिंतींना लावून टाकावेत. लांबी ६ फुटांपेक्षा कमी कधीच नको. छोट्या मापाचा, मोटारीच्या आकाराचा पलंग तीन वर्षांत आखूड पडतो आणि पैसे वाया जातात.

पलंगाचा तळ कसा आहे, हे उंचीइतकंच महत्त्वाचं. सामान भरायचा बॉक्सचा पलंग आपल्याकडे सगळ्यांना प्रिय. गाद्या, स्वेटर, जुनी पुस्तकं सगळं त्यात मावतं. पण त्याच्यावर सलग प्लाय असतो, आणि गादीत उतरलेला घाम, दमटपणा खालून बाहेर पडायला वाट मिळत नाही. पट्ट्या-पट्ट्यांचा तळ असेल, दोन पट्ट्यांत दोन-अडीच इंच अंतर असेल, तर गादी खालून श्वास घेते. आपल्या आजोळची बाज हेच काम करायची. सुंभाच्या विणीतून वारा पाठीला लागायचा. बाजेचा दोष एकच, ती मधोमध झोळ खाते आणि रोजच्या झोपेला पाठीला सरळ आधार मिळत नाही. पट्ट्यांच्या पलंगात वारा आणि आधार दोन्ही मिळतात. बॉक्स हवाच असेल तर आईवडिलांच्या खोलीत करावा. वर उचलायचं जड झाकण मुलांच्या बोटांवर, मानेवर पडू शकतं, हाही त्यातला धोका आहे.

गादीबद्दल मी जुन्या मताची आहे, आणि त्याला कारण आहे. कापसात नेहमीच्या हवेत वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास पाणी सामावतं, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नाही. घाम कापसात शिरतो आणि तिथून हवेत उडतो. फोम शरीराच्या आकाराला चिकटतो आणि उष्णता कोंडून धरतो. पाठीला गरम लागतं ते त्यामुळे. मुलांसाठी काथ्याच्या थरावर कापसाचा पातळ थर, किंवा पिंजून नीट भरलेली घट्ट कापसाची गादी, आणि तिच्यावर सुती चादर, हे आपल्या हवेला साजेसं आहे. चादरींच्या गावात हे वेगळं सांगायला नको, पण हल्ली इथल्याही दुकानांत मुलांसाठी कार्टून छापलेल्या पॉलिएस्टरच्या चादरी खपतात. कापड हातात घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब शोषला जायला हवा. कापसाची गादी दोन-तीन वर्षांनी बसते, ती पुन्हा पिंजून घ्यावी. एक वर्षाखालच्या बाळाची गोष्ट निराळी आहे. त्याला सपाट, घट्ट पृष्ठभाग हवा. उशी, मऊ दुलई, खेळणी काहीच जवळ नको.

धुळीतले अगदी बारीक किडे, ज्यांच्यामुळे सर्दी आणि दमा बळावतो, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि त्यांना दमट हवा लागते. आपला कोरडा उन्हाळा त्यांच्या मुळावर येतो, पावसाळ्यात ते पुन्हा वाढतात. जून लागायच्या आधी गच्चीवर गाद्या उन्हात टाकण्याची रीत शास्त्राला धरूनच आहे.

नव्या पलंगाच्या वासाकडे मात्र दुर्लक्ष होतं. प्लाय आणि भुश्याच्या फळ्या ज्या डिंकाने चिकटवतात, त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, आणि उष्णता वाढली की तो जास्त सुटतो. हा वायू माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. म्हणून एप्रिलमध्ये नवा पलंग आणून त्याच रात्री दारं-खिडक्या लावून मुलांना त्यावर झोपवू नये. काही दिवस खिडक्या उघड्या ठेवून तो वाळू द्यावा, फळ्यांच्या उघड्या कडा पट्टी लावून बंद करून घ्याव्यात. रंगातल्या शिशाची मर्यादा आपल्या देशात २०१७ पासून दहा लाखांत ९० भाग आहे. जुना रंगवलेला लोखंडी पलंग मुलांना देत असाल तर आधीचा रंग खात्रीचा नसतो आणि मुलं कठडे चावतात, हे लक्षात ठेवा.

आणि मच्छरदाणी. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी पिंपं भरलेली असतात. डेंग्यूचा डास याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. म्हणजे धाकट्याच्या दुपारच्या झोपेलाही जाळी हवी.

वहिनींनी शेवटी ओळखीच्या सुताराकडून करून घेतला. सागाची चौकट, पट्ट्यांचा तळ, उंची १८ इंच, चार कोपऱ्यांना मच्छरदाणीच्या काठ्यांसाठी भोकं. खालचा सरकता पलंग धाकट्याने पहिल्याच दिवशी रेल्वे म्हणून वापरला. सुताराला चाकांना खिट्टी लावायला पुन्हा बोलवावं लागलं.