‘स्पार्टाकस’, २००८ : फँटम रेजिमेंटच्या विजयामागची पार्श्वभूमी

अमेरिकन ड्रम कोअरच्या, म्हणजे पितळी वाद्यं आणि ढोल वाजवत मैदानावर संचलन करणाऱ्या तरुण पथकांच्या स्पर्धेच्या चाहत्यांना आवडता कार्यक्रम कोणता असं विचारलं की ज्या पाच-सहा नावांवरून वाद रंगतो, त्यांत फँटम रेजिमेंट या पथकाचा, रोमविरुद्ध बंड करणाऱ्या गुलामाच्या कथेवरचा, २००८ चा ‘स्पार्टाकस’ हमखास असतो. ९ ऑगस्ट २००८ च्या रात्री इंडियानातल्या ब्लूमिंग्टनच्या मेमोरियल स्टेडियमवर रॉकफर्ड (इलिनॉय) च्या या पथकाने ९८.१२५ गुण मिळवले. दुसऱ्या आलेल्या ब्लू डेव्हिल्सला ९८.१०० होते. फरक ०.०२५ चा. त्या रात्रीची आठवण निघाली की लोक आधी प्रेक्षकांतून उठलेल्या आरोळीबद्दल बोलतात, मग या फरकाबद्दल. दोन्ही गोष्टी त्या रात्री आभाळातून पडल्या नाहीत. त्यांच्यामागे तीन-साडेतीन दशकांचे नियमबदल आहेत, आणि ते ठाऊक नसतील तर ‘स्पार्टाकस’ म्हणजे नुसतं एक नाट्यमय संचलन वाटेल.

ड्रम कोअरमध्ये २००८ पर्यंत वाद्यं दोनच जातींची : पितळी सुषिरवाद्यं आणि तालवाद्यं. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी यांना मज्जाव. जोडीला झेंडे, लाकडी रायफली आणि तलवारी फिरवणारं ‘कलर गार्ड’. वादकांचं वय २१ पर्यंत. त्यानंतर कितीही चांगलं वाजवत असलात तरी बाहेर. कार्यक्रम सुमारे अकरा मिनिटांचा, फुटबॉलच्या मैदानावर, संपूर्ण पाठ. जिंकणाऱ्याच्या गळ्यात पदक पडतं, हातात पैसे नाही. उलट मुलंच शुल्क भरून येतात, मे महिन्यापासून दिवसाला दहा-बारा तास तालीम करतात आणि जून ते ऑगस्ट बसमधून गावोगाव फिरत शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपतात.

याची मुळं पहिल्या महायुद्धानंतरच्या माजी सैनिकांच्या संघटनांत आहेत. सैन्याचे बिगुल आणि ढोल स्वस्तात मिळत होते, वाजवणारे घरी परतले होते. अमेरिकन लीजन १९१९ साली स्थापन झाली आणि दोनच वर्षांत तिच्या अधिवेशनांत पथकांच्या स्पर्धा सुरू झाल्या. पुढे लीजनच्या शाखा, ‘व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स’, चर्चची युवक मंडळं आणि स्काउट यांनी मुलांची पथकं उभी केली. स्पर्धा लष्करी शिस्तीची होती. पथक मैदानाच्या एका बाजूने आत येणार, दुसऱ्या बाजूने बाहेर जाणार, मध्ये राष्ट्रध्वजाला मानवंदना देणार. नियम, परीक्षक आणि बक्षिसाची रक्कम हे सगळं या संघटनांच्या हाती. पथकांना त्यात फारसा आवाज नव्हता. हाच सल धरून १९७१ मध्ये काही संचालक एकत्र आले. त्यांत वायोमिंगच्या ट्रूपर्सचे जिम जोन्स आणि शिकागोच्या कॅव्हेलियर्सचे डॉन वॉरन ही ठळक नावं. त्यातून ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’, म्हणजे डीसीआय उभी राहिली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनच्या व्हाइटवॉटर गावी झाली आणि अनाहाइम किंग्जमेनने जिंकली. तेव्हापासून नियम पथकंच ठरवतात. पुढचं सगळं या एका गोष्टीतून आलं.

फँटम रेजिमेंट १९५६ ची. सोव्हिएत संगीतकार खाचातुरियनचं ‘स्पार्टाकस’ हे नृत्यनाट्यही त्याच वर्षी डिसेंबरात लेनिनग्राडला पहिल्यांदा रंगमंचावर आलं. निव्वळ योगायोग, पण चाहत्यांना सांगायला आवडणारा. सत्तरच्या दशकात बहुतेक पथकं जाझ आणि ब्रॉडवेकडे झुकलेली असताना रॉकफर्डच्या या पथकाने व्हागनर, ड्व्होर्झाक, त्चायकोव्स्की हे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतकार धरले आणि सोडले नाहीत. १९७७, १९७८ आणि १९७९ अशी सलग तीन वर्षं ते दुसरे आले. १९८१ आणि १९८२ मध्ये त्यांनी ‘स्पार्टाकस’ वाजवलं. लोकांनी डोक्यावर घेतलं, विजेतेपद मिळालं नाही. १९९६ मध्ये मिळालं तेही ब्लू डेव्हिल्सबरोबर विभागून, दोघांचे ९७.४. २००६ मध्ये पुन्हा दुसरे. म्हणजे २००८ मध्ये त्यांनी हा विषय परत काढला तेव्हा स्टँडमधल्या जुन्या लोकांना त्यातलं जुनं येणं नीट माहीत होतं.

पण १९८२ चा ‘स्पार्टाकस’ आणि २००८ चा यांत कथा सांगण्याच्या पद्धतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि त्याचं कारण गुणपत्रिका. १९८३ च्या मोसमापर्यंत ‘टिक’ पद्धत होती. परीक्षक फळी-पेन्सिल घेऊन मैदानात वादकांच्या रांगांमधून फिरायचे आणि दिसेल त्या चुकीला एक खूण करायचे : पाऊल चुकलं, रांग वाकली, टिपरी अर्धा क्षण आधी पडली. प्रत्येक खुणेला ०.१ गुण वजा. याचा परिणाम कुणीही ओळखेल. जे चुकू शकतं ते लिहायचंच नाही. रचना सममित ठेवायच्या, कारण सममित आकृतीत वादकाला शेजाऱ्याकडे बघून जागा सावरता येते. कठीण ताना गाळायच्या. न्यू जर्सीच्या गारफील्ड कॅडेट्ससाठी जॉर्ज झिंगाली यांनी वेड्यावाकड्या, सतत विरघळून बदलणाऱ्या असममित आकृत्या लिहिल्या आणि १९८३ मध्ये त्या पद्धतीतही जिंकून दाखवलं. पुढच्या वर्षी टिक गेली. गुण वजा होण्याऐवजी जमा होऊ लागले : काय साधलं आणि ते किती अवघड होतं, यावर. कॅडेट्सनी १९८४ आणि १९८५ ही वर्षंही जिंकली. तलवारीने कुणाला भोसकणं, मैदानावर कोसळणं, एकेकट्याने उभं राहणं हे टिक पद्धतीत गुण घालवण्याचे उद्योग होते. नव्या पत्रिकेत त्यालाच ‘परिणाम’ म्हणून १०० पैकी ४० गुण आहेत.

दुसरा धागा वाद्यांचा. मूळ बिगुलाला व्हॉल्व्ह, म्हणजे दाबल्यावर हवेची वाट लांबवून स्वर खाली नेणारी कळ, नसतोच. त्यातून कामाचे पाच-सहा स्वर निघतात. कोअरच्या बिगुलाला आधी एक आडवा पिस्टन आला, मग त्याला एक फिरकी व्हॉल्व्ह जोडला, आणि १९७७ मध्ये दोन उभ्या पिस्टनला परवानगी मिळाली. १९८१ चा ‘स्पार्टाकस’ अशा दोन व्हॉल्व्हच्या जी बिगुलांवर (मूळ स्वर जी, म्हणजे पाश्चात्त्य G, असलेल्या) वाजला. दोन व्हॉल्व्हनी स्वर जास्तीत जास्त तीन अर्धस्वर खाली नेता येतो. वरच्या पट्टीत नैसर्गिक स्वर जवळजवळ असतात, त्यामुळे तिथे काही अडत नाही. खाली मात्र दोन नैसर्गिक स्वरांमध्ये पाच किंवा सात अर्धस्वरांचं अंतर असतं आणि मधले काही स्वर निघतच नाहीत. ‘स्पार्टाकस’मधला संथ अडाजिओ घेतला तर गळणारे स्वर नेमके खर्जात, म्हणजे सुरावटीला आधार देणाऱ्या जागी. तेव्हाचे संगीत संयोजक ते स्वर दुसऱ्या वाद्याकडे सरकवायचे किंवा सगळी पट्टीच बदलायचे. तिसरा व्हॉल्व्ह १९९० मध्ये आला. २००० पासून जी ची सक्तीही गेली आणि बहुतेक पथकं बी-फ्लॅट वाद्यांकडे वळली. त्यांत सूर लावून ठेवणं सोपं. जी बिगुलाचा तो रांगडा, थोडा फाटका नाद गेला म्हणून हळहळणारे अजून आहेत. नाद खरंच भारी होता, पण दुरून ऐकताना. जवळून तो बऱ्याचदा बेसूर असायचा.

तालाच्या बाजूला स्नेअर ड्रम, म्हणजे खालच्या पानाला तारा लावलेला, टिपऱ्यांनी वाजवायचा चपटा ढोल पाहा. १४ इंच व्यासाचा हा ड्रम आज ज्या ताणाला लावतात तो साध्या प्लास्टिक पानाला (वर ताणलेल्या पडद्याला) पेलत नाही. स्कॉटिश पाइप बँडचे ड्रमवाले ताण वाढवत गेले, तसे कोअरवालेही; पानं फाटायची, लाकडी खोड पिळवटायचं, स्क्रूचे गट्टू उपटून यायचे. त्यावर दोन उपाय निघाले. ताणाचा भार खोडावर न टाकता वरच्या रिंगवरून थेट खालच्या धातूच्या चौकटीवर घेणारी ‘फ्री-फ्लोटिंग’ रचना, आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेलं केवलर या अतिशय चिवट कृत्रिम धाग्याचं पान. तेव्हापासून स्नेअरचा आवाज कोरडा, टोकदार झाला. चांगल्या तापवलेल्या ताशाच्या कानाला जवळचा. दाणा सुटा ऐकू येतो, म्हणून आठ-नऊ जणांनी एकत्र वाजवलेल्या रोलमध्ये एकाचीही टिपरी पुढे-मागे झाली तर लपत नाही. किमतीत हेही धरा : ताठ पानावरून टिपरीचा धक्का सरळ मनगटात जातो, आणि दुखणी वाढली.

झायलोफोन, मरिम्बा, टिंपनी ही वाद्यं पूर्वी गळ्यात अडकवून चालावं लागे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती मैदानाच्या पुढच्या कडेला जमिनीवर ठेवायची मुभा मिळाली. त्याला ‘पिट’ म्हणतात. वाद्यं वाढली, रंग वाढले आणि एक नवीन डोकेदुखी आली : आवाजाचा वेग.

मैदानाची खोली ५३⅓ यार्ड, म्हणजे जवळजवळ ४९ मीटर. मागच्या कडेचा आवाज पुढच्या कडेला पोचायला ०.१४ सेकंद लागतात. मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत एक मात्रा ०.३३ सेकंदांची, म्हणजे पोचेपर्यंत जवळपास अर्धी मात्रा गेली. मंचावरून हातांनी ताल देणाऱ्या ड्रम मेजरचे हात मात्र सगळ्यांना त्याच क्षणी दिसतात. पिटवाल्यांनी हात बघून वाजवलं तर प्रेक्षकांना आधी पिट आणि मग मागचे ढोल ऐकू येतात, ताल चिरफाळतो. म्हणून नियम असा की मागच्यांनी हात बघायचे आणि पिटने हातांकडे दुर्लक्ष करून मागून येणारा ढोलांचा आवाज कानाने पकडायचा. पितळी वाद्यं मधल्या पट्ट्यात असली तर त्यांनीही तेच करायचं. रचनाकार म्हणूनच ढोलांना शक्यतो मध्यभागी आणि मागे ठेवतो. कथेसाठी ढोल एका कोपऱ्यात आणि ट्रंपेट दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचे ठरले की आठवडे जातात, कारण तिथे प्रत्येक वादकाला ‘कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं ऐकायचं नाही’ हे तालाच्या प्रत्येक खंडागणिक पाठ करावं लागतं. ‘स्पार्टाकस’मध्ये गुलाम आणि रोमन असे तट पाडले की हा घोळ आलाच.

पावलांचा हिशेब त्यामानाने सरळ. मैदानावर दर पाच यार्डांना रेषा; पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच. प्रत्येकाकडे स्वतःची वही असते आणि तिच्यात प्रत्येक आकृतीतली आपली जागा लिहिलेली : ४० यार्डांच्या रेषेच्या दोन पावलं बाहेर, पुढच्या आडव्या खुणांच्या चार पावलं मागे. पुढे जाताना टाच टेकवून पाऊल लाटल्यासारखं टाकतात. थेट आपटलं तर धक्का ओठांपर्यंत जातो आणि सूर थरथरतो. मागे जाताना टाच जमिनीला लागू द्यायची नाही, नाहीतर गवतात अडकून माणूस पडतो. ही मुलं पडतातही.

आता त्या आरोळीकडे. २००८ च्या कार्यक्रमात ड्रम मेजर हाच स्पार्टाकस होता. एरवी ड्रम मेजर मंचावर उभा राहून हात हलवतो. इथे तो कथेत उतरला आणि शेवटी रोमन अधिकाऱ्याला त्याने भोसकलं. त्याआधी १९६० च्या चित्रपटामुळे अमेरिकेत सगळ्यांना पाठ असलेला प्रसंग येतो : खरा स्पार्टाकस कोण असं विचारल्यावर एकामागून एक गुलाम उठून ‘मीच स्पार्टाकस’ म्हणतो. वादक तसेच एकेक करून ओरडत उठायचे. उन्हाळा पुढे सरकला तसे स्टँडमधले लोकही ओरडू लागले, आणि अंतिम रात्री तर प्रेक्षक कार्यक्रमाचाच भाग झाले. परिणामाचे गुण देणारे परीक्षक मैदानात नसतात, वर स्टँडच्या बाजूला बसलेले असतात. ते प्रेक्षकांवर गुण देत नाहीत हे खरं, पण एवढा गदारोळ कानावर पडतो आणि मनावर परिणाम होत नाही असं मानणं भाबडेपणाचं आहे.

०.०२५ हा आकडाही गूढ नाही. रकान्याचे गुण २० पैकी, दशांशांत. संगीत आणि संचलनाच्या रकान्यांचे गुण एकूण बेरजेत येताना अर्धे होतात, म्हणून एका दशांशाचे ०.०५ उरतात. मोठ्या स्पर्धेत एका रकान्याला दोन परीक्षक असले की सरासरी निघते आणि त्याचेही निम्मे, ०.०२५. म्हणजे एका परीक्षकाने एका रकान्यात एक दशांश कमी-जास्त दिला असता तर दोन्ही पथकं बरोबरीत राहिली असती. ब्लू डेव्हिल्सचे चाहते हे आजही ऐकवतात. त्यांचं पथक त्या वर्षी जास्त सफाईदार होतं हा दावाही अगदीच हवेतला नाही. पण पत्रिकेत सफाईबरोबर परिणामालाही वजन द्यायचं हे पथकांनी स्वतःच ठरवलं होतं.

या कार्यक्रमाची हळवी आठवण काढली जाण्याला आणखी दोन व्यावहारिक कारणं आहेत. २००४ पासून पिटच्या वाद्यांना आणि माणसाच्या आवाजाला ध्वनिवर्धक चालू लागले होते; सिंथेसायझर आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनीला परवानगी मिळाली ती २००९ च्या मोसमापासून. म्हणजे २००८ मध्ये मैदानावरचा खर्ज अजून ट्यूबा (सर्वांत खालच्या स्वरांचं मोठं पितळी वाद्य) फुंकणाऱ्यांच्या छातीतूनच येत होता. नंतरच्या पथकांत तो बऱ्याचदा स्पीकरमधून येतो, आणि मग मागच्या बाजूचे ट्यूबावाले कसे वाजवतात हे समजणं कठीण होतं. दुसरं कारण जागेचं. त्या वर्षीची अंतिम फेरी खरं तर इंडियानापोलिसच्या नव्या लुकास ऑइल स्टेडियमवर व्हायची होती. बांधकाम वेळेत आटोपलं नाही, म्हणून ती ब्लूमिंग्टनच्या उघड्या मैदानावर हलवली. २००९ पासून ती छताखाली होते. तिथे पाऊस-वारा नाही, उकाडा नाही. पण मोठा स्वर थांबवला तरी छत तो लगेच सोडत नाही, आणि स्नेअरचे सुटे दाणे वरच्या रांगांत पोचेपर्यंत एकमेकांत मिसळतात. त्यामुळे आता संगीत संयोजक मोठ्या आघातानंतर मुद्दाम रिकामी जागा सोडतात, आणि तालमीत छताखालच्या पहिल्या दिवशी पिटचे ध्वनिवर्धक पुन्हा नव्याने लावून घ्यावे लागतात.