बाटली ओतण्याआधी हे वाचा : बोटीच्या डिझेल टाकीची सफाई

"टाकीत औषध टाकलं, फिल्टर नवा बसवला, तरी इंजिन का बंद पडतं?" आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बोटमालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. (औषध म्हणजे डिझेलमधले जंतू मारायला बाटलीतून ओततात ते द्रव.) उभ्या उभ्या उत्तर दिलं की अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून हे पत्रक छापलं आहे. सेपरेटरच्या, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या पहिल्या फिल्टरच्या, खालच्या वाटीतलं (बाऊलमधलं) पाणी कसं सोडतात, फिल्टर बदलल्यावर लाइनमधली हवा कशी काढतात, हे तुम्हाला येतं असं धरून लिहिलं आहे. येत नसेल तर विचारा, दाखवून देऊ.

घाण येते कुठून

डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं. लिटरला साधारण 820 ते 860 ग्रॅम भरतं. त्यामुळे टाकीत शिरलेलं पाणी खाली जाऊन बसतं आणि तिथेच राहतं. इंजिनाकडे डिझेल ओढणाऱ्या सक्शन पाइपचं तोंड तळापासून एक-दोन सेंटिमीटर वर ठेवलेलं असतं, म्हणजे तळाची घाण सहजासहजी ओढली जाऊ नये. सोय चांगली आहे, पण तिचा हिशेब कोणी मांडत नाही. तळ सपाट आणि एक मीटर बाय अर्धा मीटर असेल, तर दीड सेंटिमीटर उंचीपर्यंत साडेसात लिटर पाणी मावतं. बोट धक्क्याला शांत उभी असेल तर तेवढं साठेपर्यंत बाऊलमध्ये थेंबही दिसणार नाही. "बाऊल तर स्वच्छ आहे" हे ऐकून आम्ही गप्प बसतो ते यामुळेच.

पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात, त्या थरात बुरशी, यीस्ट आणि जिवाणू वाढतात. राहायचं पाण्यात आणि खायचं डिझेल, असा त्यांचा संसार. त्यांतली सर्वांत नावाजलेली बुरशी हॉर्मोकोनिस रेझिनी. विमानांच्या इंधन टाक्यांनाही तिने पुष्कळ सतावलं आहे. तिला उजेड लागत नाही, आणि मिलिमीटरभर पाणीही तिला पुरतं. ऊब मिळाली की वाढ जोरात होते, आणि चालू इंजिन रिटर्न लाइनमधून, म्हणजे न वापरलेलं डिझेल परत आणणाऱ्या नळीतून, कोमट डिझेल टाकीत सोडतच असतं. डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेलं असेल तर त्यांची आणखी चंगळ, कारण ते पाणी जास्त धरून ठेवतं आणि जंतूंना पचायलाही सोपं जातं.

टाकी उघडल्यावर दिसतात ते काळपट, बुळबुळीत पापुद्रे. बोटांत धरले तर भिजलेल्या कागदाच्या लगद्यासारखे लागतात आणि त्यांचा कुजका वास हाताला चिकटून राहतो. त्यांच्याखाली आम्लं तयार होतात. ॲल्युमिनियमच्या टाकीला तळाशी बारीक खड्डे पडतात ते याच जागी. स्टेनलेस स्टीललाही, विशेषतः वेल्डिंगच्या कडेला, साचलेलं पाणी सोसत नाही. प्लॅस्टिकची टाकी गंजत नाही, पण पापुद्रे तिच्यातही तितकेच वाढतात.

मात्र फिल्टर काळा झाला म्हणजे जंतूच झाले, असं नाही. डिझेल बरेच महिने पडून राहिलं की हवेतल्या ऑक्सिजनने त्याची चिकट राळ बनते, आणि तीही फिल्टरवर काळीच दिसते. तिच्यावर औषधाचा काडीचा उपयोग नाही.

बाटलीचं काय करायचं

आता मुख्य मुद्दा. आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

प्रकार साधारण असा घडतो. इंजिन लोडवर रेस धरेनासं होतं, फिल्टर काळा निघतो. कोणीतरी सांगतं, औषध टाक. मालक बाटली ओततो, खात्री म्हणून दुप्पट ओततो, टाकी काठोकाठ भरतो आणि दुसऱ्या दिवशी बोट बाहेर काढतो. शांत पाण्यात सगळं ठीक चालतं. लाटा लागल्या की तळ ढवळतो, औषधाने मेलेले पापुद्रे भिंतीवरून सुटतात आणि सगळे मिळून सक्शनच्या तोंडाशी येतात. नवा कोरा फिल्टर बघता बघता चोक होतो. इंजिन बंद पडतं ते धक्क्याला नाही, तर जिथे बोटीला इंजिनाशिवाय उभं राहता येत नाही अशा जागी.

औषध वाईट नाही. आम्हीही वापरतो, विकतोही. पण त्याचं काम समजून घ्या. ते जंतू मारतं, उचलून नेत नाही. मेलेला पापुद्रा फिल्टरला जिवंत पापुद्र्याइतकाच जड. दुसरं असं की बरीचशी औषधं मुख्यतः पाण्यात उतरून काम करतात. तळाशी लिटरभर अपेक्षित असताना पाच लिटर पाणी असेल, तर औषध पातळ होतं आणि बरेच जंतू जगतात. म्हणून पाणी आधी काढायचं, औषध नंतर, आणि तेही लेबलवर लिहिलेल्या मापाने. त्याला वेळही द्यावा लागतो, बहुतेक औषधांना एक-दोन दिवस. ही द्रव्यं विषारी असतात. हातमोजे घाला आणि रिकामी बाटली दुसऱ्या कशाला वापरू नका.

दुसऱ्या जातीची बाटली म्हणजे "पाणी नाहीसं करणारी". पाणी नाहीसं होत नाही. त्याचे इतके बारीक थेंब होतात की ते डिझेलबरोबर वाहत जातात. सेपरेटर ज्या थेंबांना अडवण्यासाठी बसवला, तेच त्याच्या हातून निसटतात. जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनाने ते एखादवेळ खपवून घेतलंही असेल. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरांना जास्त दाबाचं डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनात, दाब 1600 बारच्याही वर जातो आणि आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. तिथे पाणी पोचलं तर डिझेल फवारणारे इंजेक्टर जातात. अशा इंजिनात ही बाटली ओतूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि आमची अडचण अशी. बाटली ओतून, लाटांत हलवून आणलेल्या टाकीचा नमुना घेतला तर तो निवळतच नाही. पाणी किती, जंतू किती, राळ किती, काहीच कळत नाही. मग बोट थांबवून ठेवावी लागते, डिझेल जास्त वेळा फिरवावं लागतं, फिल्टर जास्त लागतात. एका दिवसाचं काम लांबतं आणि ते बिलात दिसतं. तेव्हा त्रास सुरू झाला की काही ओतण्याआधी आम्हाला विचारा. ओतून झालं असेल तरी हरकत नाही, लपवू नका. बाटली दाखवा, म्हणजे कुठून सुरुवात करायची ते ठरवता येतं.

झाकण उघडण्याचा आग्रह

"बाकीचे नुसता पंप लावून डिझेल फिल्टरमधून फिरवून देतात, तुम्हीच टाकी उघडायला का सांगता?" हाही नेहमीचा प्रश्न. फिरवण्याने डिझेल स्वच्छ होतं, टाकी नाही. फिरवायचा पंप मिनिटाला थोडेच लिटर ओढतो. भिंतीला चिकटलेला थर निघेल इतका जोर त्याच्या प्रवाहात नसतो. शिवाय डिझेल हिंदकळू नये म्हणून टाकीत आडवे पडदे असतात. त्यांच्यामागच्या कोपऱ्यांत पाइप पोचत नाही आणि गाळ नेमका तिथेच जमतो. स्वच्छ केलेलं डिझेल पुन्हा त्याच गाळावर ओतायचं, यात आम्हाला अर्थ वाटत नाही.

आम्ही बोट रात्रभर न हलवता ठेवतो. सकाळी टाकीच्या सर्वांत खालच्या बिंदूवरून नमुना काचेच्या बरणीत काढतो आणि तुमच्यासमोर ठेवतो. मग डिझेल उपसतो, झाकण उघडतो, प्रत्येक कप्पा खरवडतो, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसतो आणि स्वच्छ डिझेलनेच धुतो. पाणी किंवा साबण आत जाऊ देत नाही. सक्शन पाइपच्या आत किंवा तोंडाशी बऱ्याचदा बारीक जाळी असते, मालकाला तिचा पत्ताही नसतो. ती चोक असेल तर तुम्ही कितीही फिल्टर बदला, इंजिन उपाशीच राहणार. लाइनमधून उलटी हवा मारून तीही मोकळी करतो. उपसलेलं डिझेल फिल्टर करून परत भरतो, पण तळाचे शेवटचे लिटर देत नाही. त्यावरून कधी कधी वाद होतो. ते लिटर वाचवण्याच्या लायकीचे नसतात; ते टाकाऊ तेलात जातात, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या जागेत) किंवा समुद्रात अजिबात नाही.

तपासणीचं झाकणच नसेल तर आम्ही ते बसवून देतो, लागेल तर पडद्यामागच्या कप्प्यालाही वेगळं. हा खर्च एकदाच होतो आणि पुढची सफाई निम्म्या वेळात उरकते. डिझेल राहिलेल्या टाकीला स्वतः ग्राइंडर लावू नका. द्रव डिझेल सहज पेटत नाही, पण आतल्या वाफेचा आणि ठिणगीचा भरवसा नसतो.

आणि हेही सांगतो : झाकण उघडल्यावर तळ स्वच्छ निघाला, डिझेल फक्त जुनं किंवा किंचित धुरकट असलं, तर आम्ही नुसतं फिरवण्यावर थांबतो. नसलेला गाळ काढल्याचे पैसे घेत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

डिझेल भरायच्या, डेकवरच्या फिलर झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. एवढं एकच लक्षात ठेवलं तरी चालेल. चपटी झालेली, तडकलेली रिंग डेक धुतानाचं आणि पावसाचं सगळं पाणी आत घेते. वस्तू क्षुल्लक आहे, दरवर्षी बदला. त्यानंतर टाकीत हवा ये-जा करते तो व्हेंट पाइप पाहा. त्याचं तोंड लाट येते त्या जागी असेल किंवा पाइपला वर वळसा नसेल, तर खारं पाणी थेट टाकीत.

टाकी भरून ठेवली की आत दव धरत नाही, असं सगळे सांगतात. धातूच्या टाकीत ते खरं आहे, पण दवाचं पाणी गळक्या रिंगेच्या मानाने थोडंच असतं. वर्षभर न लागणारं डिझेल भरून ठेवलं तर ते जुनं होतं, तो तोटा वेगळा. गरम डिझेलमध्ये जास्त पाणी विरघळतं आणि गार झालं की ते बाहेर पडतं. म्हणून बरणीतला नमुना पहाटेच्या गारव्यात पाहा. दुपारी चकचकीत दिसलेलं डिझेल तेव्हा धुरकट असेल तर त्यात पाणी आहे.

फिल्टरबाबत "जितका बारीक तितका चांगला" हा समज सोडा. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. सेपरेटरमध्ये 30 किंवा 10 मायक्रॉनचा बसवा आणि बारीक काम इंजिनावरच्या फिल्टरला करू द्या. पहिल्याच जागी 2 मायक्रॉनचा बसवला तर सगळी घाण त्याच्याच माथी येते. सेपरेटर आणि पंप यांच्यामध्ये व्हॅक्यूम गेज (पंपाला डिझेल ओढायला किती जोर लागतो ते दाखवणारा काटा) बसवून घ्या आणि नव्या फिल्टरवरचा आकडा शेजारी लिहून ठेवा. काटा चढू लागला की इंजिन अडखळण्याआधीच तुम्हाला कळेल. आमच्या मते बोटीवरच्या सगळ्या उपकरणांत पैशाला जागणारं हेच. सेपरेटर बदलताना डिझेलने भरला तर चालतो. इंजिनावरचा फिल्टर न गाळलेल्या डिझेलने कधीच भरू नका, ते सरळ इंजेक्टरकडे जातं.

सफाईनंतर पहिला फिल्टर लवकर भरतो, कारण लाइनमध्ये राहिलेले कण सुटत असतात. काम बिघडलं असं समजू नका. त्यासाठी दोन जादा फिल्टर आम्ही बरोबर देतो. बिलात ते वेगळे लिहिलेले असतात, "हे कशाला?" म्हणून परत करू नका.

येताना

टाकी भरून आणू नका. पाव टाकी असेल तर उत्तम; भरलेली टाकी उपसून ठेवायला पिंपं लागतात आणि सकाळ त्यातच जाते. बाऊल धुऊन, पुसूनही आणू नका. आणि काढलेला जुना फिल्टर फेकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, कधी बसवला होता ती तारीख वर लिहून घेऊन या. आम्ही तो तुमच्यासमोर कापून उघडतो. घड्यांमध्ये पापुद्रे निघाले तर टाकी उघडावी लागेल. नुसती काळी राळ असेल तर बहुधा जुनं डिझेल बदलण्यावरच भागेल.