मतदार उमेदवाराला मोजतो की उमेदवार मतदाराला?

१२ मार्च १९६८. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर या चिमुकल्या राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक झाली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचं नाव मतपत्रिकेवर छापलेलं नव्हतं, त्यांच्या समर्थकांनी ते हाताने लिहिलं. तरी त्यांना सुमारे ४९ टक्के मतं मिळाली. पण चर्चा झाली ती यूजीन मॅकार्थी यांना मिळालेल्या ४२ टक्क्यांची. मॅकार्थी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उभे होते, त्यामुळे वृत्तपत्रांनी सरळ अर्थ लावला की लोकांना युद्ध नको आहे. १९ दिवसांनी जॉन्सन यांनी शर्यतीतून माघार घेतली.

नंतर मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पाहणीची आकडेवारी तपासली तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. मॅकार्थींच्या मतदारांत सरकारवर नाराज असलेले दोन गट होते: युद्ध आणखी जोरात लढावं म्हणणारे आणि सैन्य परत आणावं म्हणणारे. पहिला गट दुसऱ्याच्या जवळजवळ दीडपट होता. म्हणजे युद्धविरोधी उमेदवाराच्या पेटीत ‘ससाण्यां’ची (युद्ध जोरात लढा म्हणणाऱ्यांची) मतं ‘कबुतरां’पेक्षा (सैन्य परत आणा म्हणणाऱ्यांपेक्षा) जास्त पडली होती. जॉन्सन नकोत एवढ्यावरच या साऱ्यांचं एकमत होतं.

वादग्रस्त प्रश्नावर लोक कौल कसा देतात, याचा अभ्यास करणाऱ्यांना हे उदाहरण आजही उपयोगी पडतं. निकालावरून मतदाराच्या मनातलं वाचणं किती निसरडं असतं, ते इथे एका आकड्यात दिसतं.

मतदार आणि उमेदवार यांच्यातलं अंतर मोजण्याचं नेहमीचं साधन म्हणजे सात घरांची पट्टी. व्हिएतनामच्या पट्टीवर १ म्हणजे सैन्य ताबडतोब परत आणा आणि ७ म्हणजे पूर्ण विजय मिळेपर्यंत लढा. मतदाराने आधी स्वतःची जागा सांगायची, मग प्रत्येक उमेदवाराची. दोन आकड्यांमधलं अंतर जितकं कमी, तितका तो उमेदवार जवळचा. असे चार-पाच प्रश्न घेतले, प्रत्येक अंतराला त्या प्रश्नाच्या महत्त्वाने गुणलं आणि बेरीज केली, की कागदावर तरी निवड झाली.

समजा, युद्धाच्या प्रश्नावर तुमची जागा ३ आहे आणि करांच्या प्रश्नावर ५. युद्ध तुम्हाला दुप्पट महत्त्वाचं वाटतं. ‘अ’ उमेदवार युद्धावर ४ आणि करांवर ७ या घरात आहे. ‘ब’ युद्धावर ६ आणि करांवर ५. अंतरं मांडा: ‘अ’चं १ गुणिले २, अधिक २, म्हणजे ४. ‘ब’चं ३ गुणिले २, अधिक ०, म्हणजे ६. कमी अंतर ‘अ’चं, तेव्हा मत ‘अ’ला. महत्त्वाचा गुणक काढून टाकला तर दोघंही ३ वर येतात, बरोबरीत. आणि ‘ब’ हा माणूस तुम्हाला मुळातच आवडतो, म्हणून युद्धावर तो ६ नाही, ४ वर आहे अशी तुम्ही समजूत करून घेतलीत, तर त्याचं अंतर एकदम २ वर येतं आणि निकाल उलटतो. गणितात चूक नाही. चूक आत घातलेल्या आकड्यात आहे.

आणि खऱ्या निवडणुकीत हेच घडतं. बेंजामिन पेज आणि रिचर्ड ब्रॉडी या राज्यशास्त्रज्ञांनी १९६८ च्या मुख्य निवडणुकीतला व्हिएतनामचा प्रश्न खोलात जाऊन तपासला. त्या वर्षी पाच लाखांहून जास्त अमेरिकी सैनिक व्हिएतनाममध्ये होते, यापेक्षा ज्वलंत प्रश्न कुठला असणार? तरीही रिपब्लिकन निक्सन की डेमोक्रॅट हंफ्री हे ठरवताना युद्धाबद्दलच्या मताचा प्रभाव अगदी थोडा पडला. कारण मतदार बेफिकीर होते असं नाही. दोघं उमेदवारच गुळमुळीत बोलत होते. हंफ्री उपराष्ट्राध्यक्ष असल्याने जॉन्सन यांच्या धोरणापासून फार लांब जाऊ शकत नव्हते. निक्सन ‘युद्धाचा सन्मानाने शेवट’ म्हणत आणि युद्ध थांबवण्यासाठी पॅरिसमध्ये चाललेल्या वाटाघाटींना बाधा नको, असं सांगून तपशील टाळत. मतदारांनी दोघांनाही सरासरीने पट्टीच्या मधोमध बसवलं, एकमेकांपासून अर्ध्या घराच्याही आत. फरकच दिसत नसेल तर त्यावरून निवड करणार कशी?

त्यातून गमतीदार गोष्ट पुढे आली. रिपब्लिकन मतदारांमधल्या कट्टर ससाण्यांना निक्सन कट्टर ससाणा वाटत होते, कट्टर कबुतरांना कबूतर, आणि मधल्यांना मधले. भूमिका जितकी धूसर, तितका तिचा आरसा होतो. धूसर बोलणं उमेदवाराला परवडतं ते यामुळेच.

त्यामुळे मतदाराचं मत आणि त्याच्या उमेदवाराची भूमिका जुळलेली दिसली, की तिथे तीन वाटा संभवतात. मतदाराने भूमिका पाहून उमेदवार निवडला असेल. उमेदवार आधी आवडला आणि मग त्याची भूमिका मतदाराने उचलली असेल. किंवा मतदाराने स्वतःचंच मत उमेदवाराच्या तोंडी घातलं असेल. एकदाच केलेल्या पाहणीत तिन्ही वाटा हुबेहूब सारख्या दिसतात. वृत्तवाहिन्या मात्र सहसा पहिलीच गृहीत धरतात.

वाटा वेगळ्या करायच्या तर त्याच माणसांना पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. राज्यशास्त्रज्ञ गॅब्रिएल लेन्झ यांनी २००० सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या बुश-गोर लढतीत हे पाहिलं. निवृत्तिवेतनासाठी कापल्या जाणाऱ्या कराचा काही भाग तरुणांना शेअर बाजारात गुंतवू द्यावा, असं बुश म्हणत होते. गोर यांचा विरोध होता. प्रचारात हा फरक अनेकांना नव्याने कळला. कळल्यावर त्यांनी उमेदवार बदलला का? बहुतेकांनी नाही. त्यांनी आपलं मत बदलून आवडत्या उमेदवाराशी जुळवून घेतलं.

अशा पाहणीतही खड्डे असतात. उमेदवारांच्या जागा आधी विचारल्या तर स्वतःबद्दलचं उत्तर तिकडे झुकतं, म्हणून स्वतःचा प्रश्न आधी. चौथ्या घरात दोन वेगळी माणसं एकत्र बसतात: विचार करून मध्यावर आलेला आणि काहीच विचार न केलेला. त्यासाठी ‘यावर फारसा विचार केलेला नाही’ असा पर्याय उघडपणे द्यावा लागतो. जनमताचे अभ्यासक फिलिप कॉन्व्हर्स यांनी त्याच लोकांना १९५६, १९५८ आणि १९६० मध्ये तेच प्रश्न विचारले, तेव्हा अनेकांची उत्तरं नाणं उडवून दिल्यासारखी बदलत गेली. उत्तर मिळालं म्हणजे मत असतंच असं नाही.

अमेरिकेत मतदान करणाऱ्या मराठी नागरिकांना घरच्या घरी हीच पट्टी वापरता येईल. प्रश्न पाचच घ्या. स्वतःचे आकडे आणि महत्त्वाचे गुणक उमेदवारांची भाषणं ऐकण्याआधी शाईने लिहा. राष्ट्राध्यक्षाच्या हातात काय आहे, ते प्रत्येक प्रश्नापुढे नोंदवा. उदाहरणार्थ, २४ जून २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गर्भपाताचे नियम मुख्यतः राज्यं ठरवतात. राष्ट्राध्यक्षाचा हात पोचतो तो न्यायाधीशांच्या नेमणुका, नकाराधिकार आणि औषध नियामकासारख्या केंद्रीय यंत्रणांपर्यंत. गुणक त्याप्रमाणे कमी-जास्त करा. मग उमेदवारांचे आकडे भरण्याचं काम विरुद्ध बाजूच्या मित्राकडूनही करून घ्या. तुमच्या आणि त्याच्या आकड्यात दोन घरांहून जास्त फरक पडला, तर त्या प्रश्नावर उमेदवाराने पूर्वी केलेलं मतदान किंवा सही केलेले कायदे शोधा. तेही सापडले नाहीत, तर ते घर रिकामं ठेवा आणि तो प्रश्न कुठल्याच उमेदवाराच्या बेरजेत धरू नका.