काल्व

काल्व हे दक्षिण जर्मनीतलं, बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातलं छोटंसं गाव, ब्लॅक फॉरेस्टच्या उत्तर भागात नागोल्ड नदीच्या अरुंद दरीत वसलेलं. पूर्वी इथे कापडाचा धंदा जोरात होता, आणि जंगलातलं लाकूड नदीत सोडून पार हॉलंडपर्यंत जायचं. आज लोकांना गाव माहितीये ते लेखक हेर्मान हेसमुळे. 2 जुलै 1877 ला तो इथल्या मार्केट चौकातल्या घरात जन्मला, पुढे 1946 चं साहित्याचं नोबेल मिळालं. शाळा सोडल्यावर त्याने गावातल्याच पेरो यांच्या मनोऱ्यावरची घड्याळं बनवायच्या कारखान्यात वर्षभराहून जास्त उमेदवारी केली होती. नागोल्डवरच्या जुन्या दगडी पुलावर आता त्याचा पुतळा आहे.

पण आपल्यासाठी हेसपेक्षा त्याचे आजोबा जास्त इंटरेस्टिंग आहेत असं मला वाटतं. हेर्मान गुंडर्ट 1836 ला भारतात आले, नंतर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या कामासाठी केरळात तलश्शेरीला राहिले, मल्याळम अशी शिकले की व्याकरण लिहिलं, 1847 ला 'राज्यसमाचारम्' हे पहिलं मल्याळम वर्तमानपत्र काढलं, आणि 1859 ला परत गेल्यावर काल्वमध्ये बसून मल्याळम-इंग्रजी शब्दकोश पूर्ण केला जो 1872 ला मंगळूरला छापला गेला. त्यांची मुलगी मारी, म्हणजे हेसची आई, तलश्शेरीचीच जन्मलेली, आणि हेसचे वडील योहानेस पण मंगळूरला मिशनरी होते. त्यामुळे हेसने 'सिद्धार्थ' ही भारतात घडणारी कादंबरी लिहिली यात फार नवल नाही, भारत त्याच्या घरातच होता. स्वतः तो 1911 ला पूर्वेकडे निघाला खरा, पण सिलोन-सुमात्रापर्यंतच गेला, केरळ राहूनच गेलं.

चित्रकार रुडोल्फ श्लिष्टर (जन्म 1890) हाही इथलाच.

रेल्वे आली तीही 1872 लाच, श्टुटगार्टहून वाइल डेर श्टाट मार्गे. (वाइल डेर श्टाट म्हणजे खगोलशास्त्रज्ञ केपलरचं जन्मगाव, म्हणजे एकाच लाईनवर केपलर पण आणि हेस पण!) दोन वर्षांनी नागोल्ड दरीतून फोर्झहाइमची लाईन जोडली गेली, ती अजून चालू आहे आणि तिला 'कुल्टुरबान' (म्हणजे सांस्कृतिक रेल्वे) म्हणतात. श्टुटगार्टकडची लाईन मात्र अवघड, वरच्या पठारावरून खाली दरीत उतरायचं म्हणून मोठे वळसे घेत, बोगद्यातून जाते, त्यात वेळ जायचा आणि रस्ते सुधारले तसे प्रवासी कमी होत गेले. 1983 ला वाइल डेर श्टाट ते काल्व पॅसेंजर बंद पडली, काही वर्षांनी मालगाड्याही. पुढे 'हेर्मान हेस बान' नावाने ती परत सुरू करायचं ठरलं तर तोवर रिकाम्या बोगद्यांत वटवाघळांनी मुक्काम ठोकलेला, आणि तिकडे त्यांना कायद्याचं संरक्षण! बरीच वर्षं वाद झाला, शेवटी तोडगा असा निघाला की बोगद्यात मधे भिंत घालून ट्रेनची बाजू वेगळी आणि वटवाघळांची वेगळी करायची, आणि वळसा वाचवायला एक नवा बोगदाही खणायचा. साहजिकच खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी वर गेला.