प्रयोग-अहवाल

विज्ञानाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रयोगात नेमके काय केले, काय दिसले आणि त्यावरून काय ठरवता आले, याची लेखी नोंद म्हणजे प्रयोग-अहवाल. महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे विद्यार्थी प्रयोगवहीला ‘जर्नल’ म्हणतात. उजवीकडच्या रेघी पानावर शाईने मजकूर आणि डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती, ही तिची रूढ मांडणी. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे, आकडेमोड, निष्कर्ष आणि दक्षता ही शीर्षकेही ठरलेली असतात. अहवालाचा खरा कस लागतो तो निरीक्षणांच्या कोष्टकात.

पाठ्यपुस्तकातील कृती ‘गोळा टांगा, दोरा ताणा’ अशी आज्ञार्थी असते, कारण ती करायच्या कामाची सूचना असते. अहवालात झालेल्या कामाची हकिगत सांगायची असल्याने तिथे भूतकाळ हवा: ‘लंबकाची लांबी आधारबिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली आणि वीस दोलनांचा वेळ तीनदा घेतला.’ ‘गोळ्याच्या मध्यापर्यंत’ हे दोन शब्द वगळले, तर वाचणाऱ्याला तोच प्रयोग तसाच पुन्हा करता येणार नाही.

निरीक्षणे प्रयोग चालू असतानाच, एककासह आणि उपकरणाच्या लघुतम मापाला, म्हणजे त्यावर वाचता येणाऱ्या सर्वांत लहान मापाला, शोभतील इतक्याच अंकांत लिहावीत. चुकलेले वाचन खोडरबराने पुसू नये; एका रेघेने असे खोडावे, की खालचा आकडा वाचता येईल. साध्या लंबकाने गुरुत्व त्वरण काढताना या शिस्तीचे मोल कळते. लांबी १०० सेंमी असताना वीस दोलनांना ४०.१ सेकंद लागले, तर त्वरण ९.८२ मीटर प्रतिसेकंद वर्ग येते, ४०.२ सेकंद लागले, तर ९.७७. घड्याळाचे बटण दाबताना सेकंदाचा दशांश इकडेतिकडे होणारच, म्हणून गणकयंत्रावर दिसणारे ९.७७१६ तसेच उतरवणे म्हणजे न मोजलेली अचूकता मिरवणे होय. ‘सुमारे ९.८, चूक ०.१ पर्यंत’ हे उत्तर दिसायला साधे असले, तरी अधिक खरे आहे.

पुस्तकात ९.८१ छापलेले असते म्हणून आलेला आकडा तिथवर ओढून नेण्याची सवय फार घातक आहे. ९.८१ हे साधारण ४५ अंश अक्षांशाच्या आसपासचे मूल्य. मुंबईत प्रत्यक्ष मूल्य सुमारे ९.७९ आहे, त्यामुळे काळजीपूर्वक मोजून ९.७९ मिळवणारा विद्यार्थी ते पुसून ९.८१ लिहितो, तेव्हा तो बरोबर उत्तराच्या जागी आपल्या गावाला लागू नसलेले उत्तर लिहीत असतो. १६७२ मध्ये झाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. त्याने घड्याळाला दोष देऊन विषय संपवला नाही. फरकाची नोंद केली. लंबक मंदावला याचा अर्थ तिथे गुरुत्व त्वरण कमी होते, आणि पुढे न्यूटनने पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याचा पुरावा म्हणून तीच नोंद वापरली.

त्रुटींची चर्चा करताना ‘मानवी चूक’ एवढेच लिहून काही साधत नाही. कोणती चूक, तिने उत्तर कोणत्या बाजूला झुकले आणि अंदाजे किती, हे लिहावे. यासाठी आलेख फार कामाचा असतो. लांबी आडव्या अक्षावर आणि दोलनकालाचा वर्ग उभ्या अक्षावर घेतल्यास आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा मिळायला हवी. ती उभ्या अक्षाला थोडी वर छेदत असेल, तर बहुधा फक्त दोऱ्याची लांबी मोजली गेली आहे आणि गोळ्याची त्रिज्या त्यात मिळवायची राहिली आहे. अशा वेळी रेषेचा चढ बदलत नाही, म्हणून चढावरून काढलेले त्वरण बरोबरच येते. एकेका वाचनावरून काढलेले मात्र कमी येते, आणि लंबक जितका आखूड तितका हा फरक मोठा होतो.