मामा तलाव आणि लोकांसोबतचे संशोधन : पार्श्वभूमी

विद्याशाखांच्या भिंती ओलांडणाऱ्या संशोधनाची चर्चा १९७० मध्ये फ्रान्समधल्या नीस इथल्या परिषदेत झाली; स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे तिथे होते. गावकऱ्यांना त्यात भागीदार मानणे पुढे रुजले. पूर्व विदर्भात मात्र अशा अभ्यासाची निकड निर्माण झाली ती नागपुरात झालेल्या एका कायद्यानंतर.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात त्यातले कितीतरी कोहळी समाजाने बांधले. इंग्रजी अमलात ते मालगुजारांकडे, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे गेले, म्हणूनच आज त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणतात. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना १९५० चा मालगुजारी निर्मूलन कायदा इथेच झाला. तो हवाच होता. पण तलाव सरकारजमा झाल्यावर गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी राखायची, याची घडी विस्कटली. एक खाते सिंचन पाहू लागले, दुसरे मासे. पाणवनस्पती, पक्षी, गुरांचा चारा यांचा विचार कुणाच्याच कामात बसेना. रोहू-कटला या माशांचे बीज सोडले गेले, बेशरम नावाची तणासारखी वनस्पती माजली आणि ढिवरांच्या, म्हणजे इथल्या मासेमार समाजाच्या, जाळ्यातले देशी मासे कमी होत गेले.

याच टापूत, गडचिरोलीच्या मेंढा-लेखा या गावात, 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचे देवाजी तोफा यांनी अभ्यासगट चालवले. जंगलाचे कायदे असोत की मध काढण्याची पद्धत, गाव आधी अभ्यास करी आणि मग ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवी. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचे वाहतूक पास देण्याचा अधिकारही. प्रश्न गावाने स्वतः विचारलेला होता, हे मला यात सर्वांत मोलाचे वाटते.

तलावांकडे त्याच नजरेने पाहिले ते मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने. कोणता मासा कुठे अंडी घालतो, कोणत्या वनस्पतीच्या आसऱ्याने राहतो, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्या माहितीची नोंद झाली, तिला वनस्पतिशास्त्राची जोड मिळाली. मग बेशरम उपटून, तळ नांगरून देशी पाणवनस्पती लावल्या गेल्या. त्या चिखलात ढिवर बायाही उतरल्या. मासेमार सहकारी संस्थांना सोबत घेणे भागच होते, कारण मासेमारीचा ठेका त्यांच्याकडे असतो.